बर्फातला संसार : भाग ७
दोन मिनिटांची आंघोळ

दक्षिण ध्रुवावरच्या अमुंडसेन-स्कॉट स्थानकात आंघोळ आठवड्यातून दोनदाच करायची, आणि तीही प्रत्येक वेळी नळ दोन मिनिटांपेक्षा जास्त चालू न ठेवता. अंग भिजवायचं, नळ बंद करायचा, साबण लावायचा, पुन्हा नळ सोडायचा. वर्षाचं सरासरी तापमान उणे ४९ अंशांच्या आसपास असलेल्या जागी पाणी तापवायला फार कष्ट पडत असणार, म्हणून ही काटकसर, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तापवणं हा त्या आंघोळीतला तुलनेनं सोपा भाग आहे. अवघड असतं ते आधी पाणी मिळवणं आणि नंतर ते टाकणं. मागच्या आठवड्यात आपण हे स्थानक खांबांवर का उभारलंय ते पाहिलं. आज त्याच्या न्हाणीघरात डोकावू.

या इमारतीखाली सुमारे पावणेतीन किलोमीटर जाडीचा बर्फ आहे. जगातल्या गोड्या पाण्याचा सर्वांत मोठा साठा पायाखाली, आणि प्यायला थेंब नाही! कारण शाळेत शिकलेल्या अप्रकट उष्म्यात दडलंय. उणे ५० अंशांचा एक ग्रॅम बर्फ शून्य अंशांवर आणायला साधारण २५ कॅलरी लागतात. तिथे तो वितळवायला आणखी ८० कॅलरी खर्च होतात आणि या काळात तापमापीचा पारा जागचा हलत नाही. मग ते पाणी अंगाला सोसेल इतकं, म्हणजे ४० अंशांपर्यंत तापवायला ४० कॅलरी. एकूण झाल्या १४५. पुण्यात २५ अंशांचं नळाचं पाणी ४० अंशांवर न्यायला १५ कॅलरी पुरतात. म्हणजे ध्रुवावरची बादली आपल्या बादलीच्या जवळजवळ दहापट महाग, आणि त्यातला अर्ध्याहून जास्त खर्च नुसता वितळवण्याचा.

हा हिशेब डिझेलमध्ये मांडू. पंधरा लिटर पाण्याला, जराही उष्णता वाया गेली नाही असं धरलं तरी, पाव लिटर इंधन लागतं. प्रत्यक्षात त्याहून बरंच जास्त. हे इंधन स्की लावलेल्या हर्क्युलिस विमानांतून येतं, नाहीतर किनाऱ्यावरच्या मॅकमर्डो स्थानकापासून सोळाशेहून अधिक किलोमीटर बर्फ तुडवत येणाऱ्या ट्रॅक्टरांच्या काफिल्यातून. तिथवर पोहोचेपर्यंत वाटेतच किती इंधन जळतं, हे लक्षात घेतलं की दोन मिनिटांचा नियम कंजूषपणाचा वाटत नाही.

तरीही आंघोळीसाठी असं वेगळं डिझेल जाळणं परवडलं नसतंच. ते जाळावं लागत नाही, याचं कारण विजेच्या जनरेटरमध्ये आहे. जनरेटरमध्ये घातलेल्या इंधनाच्या शंभर भागांपैकी साधारण पस्तीस ते चाळीस भागांचीच वीज होते. उरलेली बहुतेक ऊर्जा इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात आणि धुराड्यातून जाणाऱ्या वायूंत उष्णता म्हणून निघून जाते. आपल्या सोसायटीच्या आवारातला जनरेटर ही उष्णता हवेत सोडून देतो. ध्रुवावर ती पकडतात. आपल्याकडच्या जुन्या तांब्याच्या बंबात निखाऱ्यांची नळी मधून आणि पाणी भोवताली असायचं, तसंच इथेही गरम वायू आणि थंड द्रव एका धातूच्या भिंतीच्या दोन बाजूंनी वाहतात आणि उष्णता पलीकडे जाते. दिवे, संगणक आणि दुर्बिणी चालवताना उरलेली ही ऊब इमारत गरम ठेवते आणि पाणीही देते.

पाणी देते, म्हणजे कसं? पूर्वी माणसं आणि यंत्रं बर्फ खणून वितळवण्याच्या टाकीत टाकत. त्यात मेहनत फार आणि आजूबाजूच्या धुराची काजळी पाण्यात उतरण्याचा धोका. आता तिथे ‘रॉड्रिग्ज विहीर’ आहे. अमेरिकी लष्करातल्या रॉड्रिग्ज नावाच्या अभियंत्याची ही युक्ती १९६० च्या सुमारास ग्रीनलंडमध्ये वापरात आली. बर्फाच्या वरच्या थरांत हवेच्या पोकळ्या असल्यानं पाणी त्यांत झिरपून जातं. म्हणून आधी भोक पाडत खोलवर, घट्ट बर्फापर्यंत जायचं. तिथे गरम पाणी सोडलं की बर्फाच्या पोटात एक तळं तयार होतं. त्यातलं पाणी पंपानं वर खेचायचं, काही वापरायला ठेवायचं आणि काही जनरेटरच्या उष्णतेवर तापवून पुन्हा खाली सोडायचं. अशा रीतीनं विहीर स्वतःच स्वतःला खणत खाली जाते.

या विहिरीला सुट्टी मात्र नसते. कुणी एक तांब्याही उपसला नाही तरी तिला रोज उष्णता द्यावी लागते, नाहीतर भोवतालचा बर्फ तळं गोठवून टाकतो. उलट उपसा वितळण्यापेक्षा जास्त झाला, तर तळं आटतं. एकाच्या दहा मिनिटांच्या आंघोळीनं काही होत नाही, पण शे-दीडशे जणांनी तेच केलं तर हा तोल बिघडतो. त्या पाण्याचा बर्फ शेकडो वर्षांपूर्वी पडलेला असतो, आणि त्याबरोबर अवकाशातून आलेली धूळही. बर्फ वितळला की ती तळाशी बसते. १९९५ मध्ये संशोधकांनी या विहिरीच्या तळाशी यंत्र उतरवून हजारो सूक्ष्म उल्का गोळा केल्या होत्या.

भारताच्या स्थानकांनी ८० कॅलरींचा हा खर्च मुळातच टाळलाय, तो जागेच्या निवडीमुळे. गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडून अंटार्क्टिकातली ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही दोन स्थानकं चालवली जातात. १९८९ पासूनचं मैत्री शिर्माकर ओॲसिसमधल्या बर्फमुक्त खडकावर आहे आणि समोरच प्रियदर्शिनी तलाव आहे. हिवाळ्यात तलावाचा पृष्ठभाग गोठतो, पण त्या कवचाखाली पाणी पातळच राहतं. शून्य अंशांचं पाणी ४० वर न्यायचं तर १४५ ऐवजी ४० कॅलरी पुरतात. २०१२ मध्ये सुरू झालेलं भारती लार्समन टेकड्यांत, समुद्रकाठी, १३४ मालवाहू कंटेनर जोडून उभं केलेलं आहे. खारं पाणी उणे १.८ अंशांपर्यंत गोठत नाही, त्यामुळे समुद्रावर बर्फ साचला तरी खालून पाणी ओढता येतं. तिथे ते रिव्हर्स ऑस्मोसिसनं गोडं करतात, आणि वीज व उष्णता दोन्ही एकाच यंत्रणेतून मिळवतात.

पाणी मिळालं तरी ते नळापर्यंत द्रवरूपात यायला हवं. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि पाइप फाडतं. म्हणून पाइपला जाड आवरण, आतून तापणारी विजेची तार, आणि उतार असा की पंप थांबला की पाणी आपोआप परत जावं. लेहमध्ये हिवाळ्यात अनेक हॉटेलं नळ बंदच करतात आणि गरम पाणी बादलीनं खोलीत आणून देतात, तेही याचसाठी. फुटलेल्या पाइपपेक्षा बादली वाहणं परवडतं.

खरी पंचाईत सांडपाण्याची. अंटार्क्टिकाच्या पर्यावरणरक्षणाचा करार १९९१ मध्ये माद्रिदला झाला आणि १९९८ पासून लागू झाला. त्यानुसार बर्फमुक्त जमिनीवर किंवा गोड्या पाण्यात सांडपाणी सोडायला मनाई आहे. किनाऱ्यावरच्या मोठ्या स्थानकांना मैला-पाणी निदान बारीक करून, पाणी वेगानं मिसळून पांगेल अशा ठिकाणीच समुद्रात सोडावं लागतं. बर्फाच्या पठारावर दुसरा मार्गच नसेल, तेव्हा खोल खड्ड्याची मुभा आहे. ध्रुवावर त्यासाठी जुनी, सोडून दिलेली विहीरच वापरतात : जिथून पाणी आलं, त्याच पोकळीत सांडपाणी गोठून राहतं. मॅकमर्डो ड्राय व्हॅलीजमधल्या अमेरिकी तळांवर तर भांडी घासलेलं पाणीही डब्यांत भरून परत न्यावं लागतं. तिथे मनसोक्त आंघोळ म्हणजे मनसोक्त ओझं. त्या मुक्कामात माणसं ओल्या फडक्यानं अंग पुसून भागवतात, आणि कोरड्या थंडीत ते निभावतंही.

जनरेटर, विहीर काही नसलेल्या छोट्या छावणीचं काय? ध्रुवावरच्या स्थानकाला ज्याचं नाव आहे, त्या अमुंडसेनच्या मंडळींनी १९११ च्या हिवाळ्यात फ्रामहाइम तळावर बर्फात खोदलेल्या खोलीत प्रायमसवर चालणारी वाफेची आंघोळ बसवली होती. गरम पाण्यापेक्षा वाफेला पाणी कमी लागतं, हे त्यामागचं शहाणपण. आजच्या छावण्यांत शेतात वापरतात तसा, पण कोरा करकरीत फवारणी पंप कामाला येतो. त्यात पाच-सहा लिटर कोमट पाणी भरून हवा मारली की एका माणसाची आंघोळ आरामात होते. बर्फ वितळवताना भांड्याच्या तळाशी थोडं पाणी आधी ठेवायचं. नुसता कोरडा बर्फ टाकला तर तळ करपतो आणि पाण्याला जळका वास लागतो. भुसभुशीत बर्फ भरपूर जागा खातो आणि पाणी थोडं देतो, म्हणून वाऱ्यानं घट्ट झालेल्या थराचे ठोकळे कापणं चांगलं.

चुलीसाठी इंधन निवडतानाही थंडीशी गाठ आहेच. घरगुती गॅसमधला ब्युटेन उणे अर्ध्या अंशाखाली वायू होत नाही, प्रोपेन मात्र उणे ४२ अंशांपर्यंत होतो. म्हणून लडाखच्या थंडीत सिलिंडर भरलेला असूनही ज्योत मिणमिणते. ब्युटेन जास्त असलेला गॅस तिथे भरवशाचा नाही, रॉकेल बरं. आणि गारठा आत येऊ नये म्हणून तंबू घट्ट बांधून आत स्टोव्ह किंवा गॅस गिझर पेटवणं हा जिवाशी खेळ आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. आपल्याकडे बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरनं माणसं दगावल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, त्या याच वायूच्या. पाणी बाहेर तापवावं आणि आंघोळीला आत न्यावं.

म्हणजे कुठल्याही थंड मुक्कामाची आखणी करताना गिझर शेवटी. आधी न गोठलेलं पाणी कुठे आहे ते शोधायचं, मग तळावर कुठली उष्णता वाया जातेय ते पाहायचं, आणि सांडपाणी कुठे जाणार हे ठरवायचं. तिन्हींची उत्तरं मिळाली की गिझरचं काम फारसं उरत नाही. तिन्हींपैकी एकही मिळालं नाही, तर कितीही महागडा गिझर न्या, दोन मिनिटंसुद्धा मिळायची नाहीत.

पुढच्या आठवड्यात याच स्थानकांच्या स्वयंपाकघरात जाऊ : सूर्य न उगवणाऱ्या महिन्यांत ताजी भाजी कुठून येते, ते पाहायला.