चिकटपट्टीचा तांब्या
(नभोवाणीवरील भाषण)

मूर्ति म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें दगड, धातु नाहीं तर माती येते. खोकीं बंद करावयाच्या पारदर्शक चिकटपट्टीचीहि मूर्ति होते, असें कोणी सांगितलें असतें तर मीं तें थट्टेवारी नेलें असतें. परंतु गेल्या वर्षीं आमच्या घरांतील भांड्यांची वाटणी झाली आणि मातोश्रींचा पितळी तांब्या धाकट्या बंधूंच्या वाट्यास गेला. वस्तु एक आणि ओढ दोघांची! तेव्हां ही युक्ति माझ्या नातीनें सुचविली.

ह्या पट्टीस अजून शतकहि फारसें उलटलेलें नाहीं. अमेरिकेंतील रिचर्ड ड्रू ह्या गृहस्थानें १९२५ सालीं मोटारींना दोन रंग देणाऱ्या कारागिरांसाठीं कागदी चिकटपट्टी काढली, व १९३० सालीं पारदर्शक पट्टी. पुढें मार्क जेन्किन्स ह्या अमेरिकन कलावंतानें रिओ द जानेरो येथें राहत असतां २००३ सालीं अशा पट्टीच्या मूर्ति करून रस्त्यांवर मांडल्या.

आतां कृति ऐका. पहिला थर उलटा, म्हणजे चिकट बाजू बाहेर ठेवून गुंडाळावा. त्यामुळें पट्टी भांड्यास चिकटत नाहीं, व तिचे वेढे मात्र एकमेकांस धरून राहतात. त्यावर तीन-चार थर सुलटे द्यावे. उलट्या थरांत बोटभर जरी फट राहिली, तरी वरची पट्टी तेथें भांड्यास घट्ट बसते आणि सारें कवच फाटतें. माझा पहिला प्रयत्न असाच फुकट गेला.

दुसरी अडचण गोलाईची. सपाट कागद पृथ्वीच्या गोलावर सुरकुतीवांचून बसत नाहीं, हें मीं जन्मभर भूगोलाच्या तासाला मुलांना सांगत आलों. आणि तांब्याच्या पोटावर लांबच लांब पट्टी ओढतांना नेमकें तेंच विसरलों! तेथें व गळ्यापाशीं पट्टीचे बोटभर लांबीचे तुकडेच लावावे, व प्रत्येक तुकडा नखानें दाबून आंतली हवा काढावी.

तांब्याचें पोट मोठें, गळा अरुंद. म्हणून कवच अखंड निघत नाहीं. कापण्यापूर्वीं कापाची रेघ आंखून तिच्यावर आडव्या खुणा कराव्या. मग कात्रीचें बोथट टोक आंत सारून, पितळेस ओरखडा न पडेल अशा बेतानें कापून दोन अर्धे वेगळे करावे. खुणा जुळवून ते पट्टीनें पुनः सांधले कीं झालें.

तें कवच खिडकींत ठेवलें तेव्हां नातीनें विचारलें, "आजोबा, इथें हा खळगा कां?" मीं निरखून पाहिलें. पन्नास वर्षें तो तांब्या मीं हाताळला. पण त्याच्या कुशीला पोंचा आहे, हें माझ्या कधीं ध्यानांत आलें नव्हतें. बंधूंना विचारतां ते म्हणाले, "दादा, तो माझ्याच हातून विहिरीच्या कठड्यावर आपटला होता. आईनें कोणाला सांगितलें नाहीं."

तांब्या आतां त्यांच्या घरीं आहे. आमच्या कवचांत पाणी राहत नाहीं, त्यास वजनहि नाहीं. पण पोंचा दोन्ही घरीं आहे, आणि त्याची गोष्टहि.