मार डोक्याला, धोका हृदयाला? मेंदूच्या दुखापतीनंतर बीपी का वाढतं?

दुचाकी घसरते, डोकं दुभाजकावर आपटतं. सीटी स्कॅन होतो, टाके पडतात, दोन-तीन दिवसांत पेशंट घरी येतो. ‘थोडक्यात निभावलं’ म्हणून सगळे सुटकेचा श्वास सोडतात. पाच-सहा वर्षांनी त्याच माणसाचं बीपी वाढलेलं निघतं. वय जेमतेम पस्तीस. ऑफिसचं टेन्शन, बाहेरचं खाणं यांना दोष दिला जातो. तो जुना अपघात कुणालाच आठवत नाही.

संशोधकांना मात्र या दोन गोष्टींत नातं दिसू लागलं आहे. अमेरिकेतल्या बोस्टन इथल्या डॉक्टरांनी मेंदूला दुखापत झालेल्या हजारो रुग्णांच्या नोंदी तपासल्या. निवडलेले रुग्ण असे, की ज्यांना अपघाताआधी बीपी, मधुमेह वगैरे काहीच नव्हतं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांना उच्च रक्तदाब होण्याचा धोका इतरांच्या तुलनेत सुमारे अडीच पट आढळला. दुखापत किरकोळ होती त्यांच्यातही! त्याच वर्षी १५ लाखांहून अधिक अमेरिकी माजी सैनिकांच्या नोंदींवरचा अभ्यास आला. तिथेही हृदयविकाराशी संबंध दिसलाच, आणि मार जितका जबर तितका धोका जास्त होता.

मेंदूचा हृदयाशी संबंध काय?

हृदयाचे ठोके आणि रक्तवाहिन्यांचं आकुंचन यांचं नियंत्रण मेंदूच्या बुंध्यातून होतं. अपघातानंतर कवटीच्या आत सूज येते, दाब वाढतो, मेंदूला रक्त पोहोचेना होतं. मग शरीर काय करतं? रक्तदाब झपाट्याने वाढवून रक्त वर ढकलतं. बीपी वाढलेलं आणि नाडी मात्र मंदावलेली, असं दिसलं की आयसीयूतले डॉक्टर लगेच सावध होतात. शिवाय ॲड्रेनालिनसारखी रसायनं एकदम उसळतात. कधी कधी त्यांच्या माऱ्यानेच हृदयाचे स्नायू काही दिवस दुबळे पडतात, रक्तवाहिनीत कुठेही अडथळा नसताना.

हे झालं सुरुवातीच्या दिवसांचं. पुढची गोष्ट संथ आहे. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी असते. ती दुखावली की हार्मोन्सचं गणित बिघडतं, पोटाभोवती चरबी साठते, कोलेस्टेरॉल वाढतं. झोप उडते, नैराश्य येतं, चक्कर येईल या भीतीने चालणं-फिरणं सुटतं. यातली प्रत्येक गोष्ट हृदयाला महाग पडते.

अर्थात, संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही. डोक्याला मार लागलेल्या प्रत्येकाला हृदयविकार होतो, असंही नाही.

मग करायचं काय? बीपी, शुगर आणि कोलेस्टेरॉल अधूनमधून तपासून घ्यायचं, वय तिशीच्या आत असलं तरी. आणि केस पेपर काढताना ‘आधी काही आजार?’ असं विचारलं की आपण ‘नाही’ म्हणून मोकळे होतो. तिथे तो जुना अपघात सांगायचा. त्या वेळचं डिस्चार्ज कार्ड आणि स्कॅनचा रिपोर्ट कपाटात कुठेतरी असेल, तोही सोबत न्यायचा.