वाफेची कॉफी, दाबाची कॉफी

अंबाजोगाई असो, केज असो की गेवराई, बीड जिल्ह्यातल्या मंगल कार्यालयात रिसेप्शनला ‘एस्प्रेसो कॉफी’चा स्टॉल लागला की तिथली गर्दी हटता हटत नाही. स्टीलचं उभं यंत्र, खाली गॅस, बाजूला तोटी आणि तिला वाकडी नळी. स्टॉलवाला मगात इन्स्टंट कॉफीची पूड, साखर आणि दूध घेतो, नळी दुधात बुडवून तोटी सोडतो. खरखरत दूध वर चढतं, कागदी कपात फेस उभा राहतो आणि त्यावर चॉकलेट पावडरीची चिमूट पडते. हीच चव मनात धरून कुणी कॅफेत एस्प्रेसो मागवली, तर समोर येते दोन घोटांत संपणारी काळी, कडू कॉफी. दुधाचा थेंब नाही. मग लग्नातली कॉफी बनावट, असा निकाल देऊन मंडळी मोकळी होतात. हा निकाल घाईचा आहे.

एस्प्रेसोच्या यंत्राला दोन अंगं असतात. एक अंग गरम पाणी दाबाने बारीक दळलेल्या कॉफीतून पार करतं, दुसरं दुधात वाफ सोडतं. यातली वाफ जुनी आहे. तुरिनच्या आंजेलो मोरिओंदोने १८८४ मध्ये आणि मिलानच्या लुइजी बेझ्झेराने १९०१ मध्ये ज्या यंत्रांचं पेटंट घेतलं, त्यांत पाणी ढकलण्याचं कामही वाफच करत होती. तो दाब तोकडा होता. कॉफीवर आज दिसणारी तांबूस साय, म्हणजे क्रेमा, त्यातून येत नसे. ती आणली आकिले गाज्जियाच्या दांड्याच्या यंत्राने, आणि ते बाजारात आलं १९४८ मध्ये. (बीड निजामाच्या अमलातून सुटलं तेही याच वर्षी, संबंध काही नाही, पण साल लक्षात राहतं.) आज इटलीत प्रमाण मानलेली एस्प्रेसो म्हणजे सुमारे ७ ग्रॅम कॉफी, ९ बार दाब, २५ सेकंद आणि कपात २५ मिलिलिटर. थोडक्यात, ज्या कसोटीवर आपण लग्नातल्या कॉफीला नापास करतो, त्या कसोटीवर १९०१ ची मिलानची कॉफीही नापासच होईल.

एवढ्या एका घोटावर बाकीचा सगळा गोतावळा उभा आहे, आणि त्यात फरक पडतो तो मुख्यतः दुधाने. नुसतं गरम पाणी वाढवलं की अमेरिकानो. फेसाळ दुधाचा जेमतेम डाग लावला की माकियातो. इटालियन कापुचिनोत २५ मिलिलिटर कॉफीवर १०० मिलिलिटर दूध पडतं, पण वाफेने ते फुगून १२५ होतं. लाटेत दूध याहून बरंच जास्त आणि फेसाचा थर पातळ. फ्लॅट व्हाइटचा कप लहान, फेस रेशमासारखा बारीक. तो आपलाच, असा ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड दोघांचाही दावा आहे. कापुचिनो कडक आणि लाटे सौम्य हा समज जिभेपुरताच खरा. दोन्हींत एकच घोट ओतला असेल तर कॅफिनही तेवढंच, साधारण ६० ते ६५ मिलिग्रॅम. या रांगेत लग्नातली कॉफी दूध आणि फेस पाहता कापुचिनोच्या शेजारी बसते. वरची चॉकलेट पावडरही गावठी खूळ नव्हे. ऑस्ट्रेलियात कापुचिनोवर ती सर्रास भुरभुरतात.

यावर रास्त आक्षेप असा, की दाबाने काढलेला घोटच नसेल तर नातं कसलं? आक्षेप अर्धा मान्य करायला हवा. इन्स्टंट पुडीत बियांतलं तेल आणि ताजा वास जवळपास उरत नाही. क्रेमाचा तर प्रश्नच नाही. लग्नातल्या यंत्राला दाबाचं अंगच नसतं. पण दुधाचं अंग तेच, क्रियाही तीच: वाफ हवा आत ओढते, दुधातली प्रथिनं ती बुडबुड्यांत धरून ठेवतात. दूध म्हशीचं असेल तर त्यात स्निग्धांश गाईच्या दुधाच्या दीडपट ते दुप्पट, म्हणून घोट दाट लागतो. स्टॉलवरच्या कॉफीचा खरा दोष वेगळाच आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. कॅफेत दूध ६०-६५ अंशांवर थांबवतात. स्टॉलवर ते उकळीच्या जवळ नेतात. त्यामुळे बुडबुडे मोठे होतात, फेस लवकर बसतो आणि दुधाची अंगची गोडी मागे पडते, ती मग साखरेने भरून काढावी लागते. चटका बसेल इतका गरम चहा पिणाऱ्या जिल्ह्यात कोमट वाटणारा कप कुणी परत करेल, ही स्टॉलवाल्याची धास्तीही खोटी नाही.

दुसरा आक्षेप मालाचा: अस्सल कॉफी इटलीची, आपली दुय्यम. कॉफी इटलीत पिकतच नाही. भारतीय कॉफीचा मोठं गिऱ्हाईक इटलीच आहे, आणि कर्नाटक-केरळातल्या रोबस्टाला तिथल्या मिश्रणांत मागणी आहे ती दाट क्रेमासाठी. तेव्हा लग्नातल्या चवीच्या शोधात कॅफेत गेलेल्या बीडकराने कापुचिनो मागवावी आणि साखर आठवणीने वेगळी मागून घ्यावी. ती कॅफेवाले आपणहून घालत नाहीत.