पट्टीमागचा गोंद

कपाटाच्या दाराची कड जवळून पाहिली, तर एक बारीक रेघ दिसते. रेघेच्या एका बाजूला दाराचा सनमायका, दुसऱ्या बाजूला कडेवर बसवलेली प्लॅस्टिकची पट्टी, म्हणजे एज बँड, आणि दोन्हींच्या मध्ये मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाएवढा गोंद. ही पट्टी सिंकजवळ सुटते, कोपऱ्यावर फुटते, वर्षानुवर्षांच्या उन्हानं पिवळी पडते. बदलायची तर आधी काढावी लागते. जोर लावून ओढली, तर तिच्याबरोबर बोर्डाचे तुकडे उपटून येतात. तीच पट्टी नीट तापवून सावकाश ओढली, तर मागची कड जवळजवळ जशीच्या तशी राहते. पट्टी तीच, बोर्ड तोच, हातही तेच. मग एवढा फरक पडतो तो कशानं?

पट्टी ओढताना आपण तीन गोष्टी ताणत असतो: पट्टी, गोंद आणि बोर्ड. तिघांत जो सर्वांत दुबळा, तो तुटणार. घरातल्या नेहमीच्या तापमानाला गोंद चांगला मजबूत असतो आणि दुबळा ठरतो तो बोर्ड. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचे बारीक तुकडे राळेत कालवून, तापवून, दाबून केलेली फळी. तिच्या वरच्या आणि खालच्या थरात बारीक भुसा असतो, पोटात जाड तुकडे. फळी कापली की हे पोट उघडं पडतं आणि करवतीनं अर्धवट छाटलेले तुकडे कडेवर उरलेल्या आधारावर तग धरून असतात. पट्टीचा गोंद नेमका त्यांनाच धरून बसलेला असतो. म्हणून हिसका दिला की ते निघून येतात. एमडीएफ ही लाकडाच्या तंतूंची फळी; तिच्यात तंतू बारीक असल्यामुळे एवढे खड्डे पडत नाहीत, पण तिचीही साल निघते.

म्हणजे आपलं काम एकच: थोडा वेळ का होईना, तिघांत गोंदाला सर्वांत दुबळा करायचं. आणि ते जमतं, हीच मला या सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट आहे. कोणी हरायचं, हे आपण तापमानानं ठरवू शकतो.

कारखान्यात बसवलेल्या बहुतेक पट्ट्यांमागे ईव्हीए नावाच्या प्लॅस्टिकचा गोंद असतो. आपल्या हलक्या चपलांचे तळवे याच घराण्यातले. याच्या लांबलचक रेणूंचे काही भाग एकमेकांशेजारी शिस्तीत रचले जाऊन सूक्ष्म स्फटिक बनतात आणि त्यानं ताकद येते. उरलेले भाग स्फटिक होऊ देत नाहीत, त्यांच्यामुळे लवचीकपणा आणि चिकटपणा टिकतो. यंत्रात हा गोंद साधारण २०० अंश सेल्सिअसला पातळ करून लावतात, रूळ पट्टी दाबतात आणि काही सेकंदांत तो थंड होऊन पकड घेतो. परत तापवला की स्फटिक वितळतात आणि साधारण ८० अंशांच्या आसपास पकड ढिली पडते. थिजलेलं तूप ऊब मिळताच पुन्हा पातळ होतं, पण विरजलेल्या दह्याचं दूध होत नाही. ईव्हीए हा तुपाच्या जातीचा. दह्याच्या जातीचे गोंदही असतात, त्यांच्याकडे पुढे येऊ.

योगायोग असा की पीव्हीसीची पट्टीही साधारण ८० अंशांनाच कडकपणा सोडते. त्यामुळे पट्टीच आपलं तापमापक बनते. ती लवू लागली की गोंदही तयार होत आला असं समजावं. वाकडी होऊन चमकू लागली किंवा उग्र वास आला, तर आच जास्त झाली. फार तापलेल्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि तो घसा नि डोळे जाळतो, तेव्हा खिडक्या उघड्याच ठेवाव्यात. पट्टी तापवायच्या हीट गनमधली हवा ३०० अंशांच्याही वर जाऊ शकते, म्हणून ती कमीत कमी आचेवर, वीतभर अंतरावर आणि सतत हलती हवी. पातळ पट्टीला केस वाळवायचा ड्रायरही बहुधा पुरतो.

इथे घाई आड येते. उष्णता बाहेरून आत झिरपते आणि प्लॅस्टिक ती फार सावकाश जाऊ देतं. झिरपायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ०.४ मिलिमीटरच्या पट्टीपेक्षा २ मिलिमीटरची पट्टी पाचपट जाड, पण उष्णता तिच्या मागच्या बाजूला पोचायला साधारण पंचवीसपट वेळ लागतो. आच वाढवून हा वेळ वाचवायला गेलं, तर पट्टीचं तोंड करपतं आणि पाठीचा गोंद थंडच राहतो. जाड पट्टीला मंद आच आणि सबुरी, दुसरा उपाय नाही.

प्रत्यक्ष कामाला लागताना आधी कोपरा पाहा. कोणती पट्टी कोणावर चढली आहे ते ठरवा. जी शेवटी लावली, ती आधी निघते. सनमायका आणि पट्टी यांच्यामधल्या रेघेवरून कटरचं पातं हलकेच फिरवा, म्हणजे पट्टी निघताना सनमायक्याची कपची उडणार नाही. मग एक टोक तापवा, पातळ, रुंद पातं आत सरकवा आणि सुटलेलं टोक पक्कडीत धरा.

ओढण्याची दिशा फार महत्त्वाची. पट्टी कडेपासून सरळ बाहेर ओढली, तर सगळा जोर बोर्डाचे तुकडे उपटण्याकडे जातो. ती स्वतःवरच मागे दुमडून कडेला समांतर ओढली, तर हा उपटण्याचा ताण कमी होतो. (२ मिलिमीटरची पट्टी अशी दुमडत नाही, तिथे पातं आतून सरकवत न्यावं लागतं.) आणि वेग. गोंदाचे रेणू एकमेकांवरून घसरायला वेळ घेतात. सावकाश ओढलं, तर त्यांना तो वेळ मिळतो आणि गोंद ताणला जात सुटतो. झटका दिला, तर तोच गोंद, त्याच तापमानाला, कडक पदार्थासारखा वागतो आणि बोर्ड फोडतो. सुटण्याच्या जागेच्या जरा पुढे आच ठेवत, वीत-वीतभर काम करत जावं.

आता दह्याच्या जातीचे गोंद. पॉलियुरेथेन गोंद गरम असतानाच लावतात, पण नंतर तो हवेतल्या ओलाव्याशी संयोग पावतो, रेणूंची जाळी विणली जाते आणि मग कितीही तापवला तरी तो पुन्हा वितळत नाही. पट्टी लवली, तरी टोक जराही सुटत नसेल, तर तिथेच थांबावं. ती ओढायची नसते; रंध्यानं किंवा ट्रिमरनं छिलून काढायची असते, आणि हे मिस्त्रीकडे सोपवलेलं बरं. सागवानी लिपिंगचंही, म्हणजे कडेवरच्या लाकडी पट्टीचंही, तंत्र वेगळं, कारण तिथे गोंदासोबत चुका, म्हणजे बारीक खिळेही असतात.

पट्टी गेल्यावर कडेवर गोंदाचे थर उरतात. ते पुन्हा ऊब देऊन प्लॅस्टिकच्या पात्यानं खरवडावेत. थिनर किंवा ॲसिटोननं गोंद पुसण्याचा मोह टाळा: पट्टी एबीएस प्लॅस्टिकची असेल आणि पाठीचा गोंद काढून पुन्हा वापरायची असेल, तर ॲसिटोन तीच विरघळवतो. पाणी तर नकोच. बोर्ड करताना लाकडाचे तुकडे दाबून चपटे केलेले असतात. पाणी लागलं की ते आपल्या मूळ जाडीकडे परततात. फुगलेली कड वाळली, तरी पूर्ववत होत नाही.

पडलेले बारीक खड्डे फेव्हिकॉलमध्ये भुसा कालवून भरता येतात. पूर्ण वाळल्यावर १२० नंबरचा पॉलिश पेपर सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळून घासा, नाहीतर कड गोल होते आणि नवी पट्टी नीट बसत नाही. मागे गोंद लावलेली कागदी किंवा लाकडी पट्टी मध्यम आचेच्या इस्त्रीनं बसते, मध्ये कापडाचा एक पदर ठेवून. कड मात्र फार दिवस उघडी ठेवू नका. ओलावा तिथूनच आत शिरतो, आणि राळेतलं फॉर्मल्डिहाइडही उघड्या कडेतून जास्त सुटतं.