ठिणगी वगळून उरलेलं आकाश

रेडिओ दुर्बिणीचा डेटा पहिल्यांदा उघडला की पडद्यावर आकाश दिसत नाही. आडवी फ्रिक्वेन्सी, उभा काळ, आणि दोन्हींच्या मध्ये रंगांचा खरखरीत पट. त्यात काही रेघा वरपासून खालपर्यंत सलग पेटलेल्या, तर काही आडवे पट्टे क्षणभर उमटून गेलेले. डोळा या भडक खुणांकडेच जातो. आकाश मात्र त्यांच्यामधल्या एकसारख्या, फिक्या भागात असतं. भडक ते काढून टाकायचं. या कामाला ‘फ्लॅगिंग’ म्हणतात. मी ते केलं आहे, आणि रेडिओ खगोलशास्त्राचं खरं कसब इथेच लागतं असं माझं मत आहे.

नारायणगाव सोडून खोडदच्या रस्त्याला लागलं की टोमॅटो, कांदा आणि द्राक्षाच्या रानांच्या पलीकडे जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या डिश दिसू लागतात. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, एकूण ३०. चौदा मधल्या एक किलोमीटरच्या चौकात आणि सोळा तीन दिशांना गेलेल्या भुजांवर, अशा २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. तारांच्या जाळीच्या या हलक्या डिश खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिल्या. वारा जाळीतून निघून जातो, म्हणून सांगाडा स्वस्तात झाला. जागा निवडताना इथला रेडिओ गोंगाट कमी होता, हे एक मोठं कारण. आवारात मोबाइल आजही बंद ठेवावा लागतो. पण भोवतीची गावं जगती-वाढती आहेत. तिथे विहिरींवर मोटारी आहेत, घरोघरी एलईडी दिवे आणि चार्जर आहेत, शेतांवरून विजेच्या तारा गेल्या आहेत. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत नव्या दुर्बिणींसाठी जवळपास निर्मनुष्य माळ शोधले गेले. खोडदची दुर्बीण माणसांमध्ये राहून काम करते, आणि मला तिचं हेच मोल वाटतं.

निरीक्षणाची सुरुवात ओळखीच्या स्रोतापासून होते. ३सी २८६ किंवा ३सी ४८ यांची तेजस्विता पक्की माहीत असल्याने त्यांच्यावरून सगळ्या अँटेनांचं माप लावून घेतात. मग लक्ष्याकडे वळायचं, आणि थोड्या थोड्या वेळाने जवळच्या कॅलिब्रेटरवर परत यायचं. तीस अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीत फ्रिक्वेन्सीचे ८१९२ चॅनेल आणि दोन ध्रुवीकरणं धरली, तर काही सेकंदांच्या एकाच नोंदीत ७१ लाख आकडे येतात. रात्रभराचं निरीक्षण असेल तर ते नजरेने निवडणं अशक्य. तरीही प्रोग्रॅम चालवण्याआधी काही जोड्यांचे पट स्वतः पाहावेतच. न पाहता लावलेली छाटणीची मर्यादा हमखास फसवते.

सलग पेटलेल्या रेघा ओळखायला सोप्या. ३६० ते ३८० मेगाहर्ट्‌झमध्ये परदेशी लष्करी उपग्रह बोलतात. ते डोक्यावरच असल्याने डोंगराचा आडोसा मिळत नाही. तो भाग मुकाट्याने सोडायचा. वरच्या बँडमध्ये ११७६ला जीपीएस असतो, आणि आपली तशीच उपग्रह प्रणाली नाविकही.

विजेच्या तारांच्या ठिणग्यांचं तसं नाही. इन्सुलेटरला तडा गेला, सांधा सैल झाला की तिथे ठिणगी उडते आणि ती एकदम शेकडो मेगाहर्ट्‌झभर पसरते. वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून प्रत्येक अर्ध्या आवर्तनाला एक झुबका, म्हणजे सेकंदाला शंभर. काही सेकंदांच्या सरासरीत त्या साऱ्या मिसळून गेल्या की मागाहून वेगळ्या काढता येत नाहीत. म्हणून त्या सरासरीच्या आधीच पकडाव्या लागतात. सुधारित जीएमआरटीत एकावेळी ४०० मेगाहर्ट्‌झची पट्टी घेता येते. पूर्वी ती ३२ होती. एवढ्या पट्टीसाठी प्रत्येक अँटेनाकडून सेकंदाला ८० कोटी नमुने घ्यावे लागतात, आणि गाळणी त्या प्रवाहातच बसवली आहे. ती सरासरी वापरत नाही, मध्यक वापरते. एक प्रचंड ठिणगी सरासरीला आपल्याकडे ओढून नेते. मध्यक जागचा हलत नाही. त्याच्यापासून फार दूर गेलेला नमुना टाकून त्या जागी शून्य किंवा कृत्रिम गोंगाट भरला जातो.

पण आकाशातही पल्सारसारखे क्षणात चमकून जाणारे स्रोत आहेत. पल्सारचा ठोका ठिणगी समजून फेकला तर? इथे दोन कसोट्या कामी येतात. ठिणगी जवळच्या अँटेनांनाच बोचते, काही किलोमीटरवरच्या डिशला तिचा पत्ता नसतो. आणि पल्सारचा ठोका अवकाशातल्या इलेक्ट्रॉनांमधून येताना पसरतो, उंच फ्रिक्वेन्सी आधी आणि खालच्या नंतर. ठिणगी सगळीकडे एकाच क्षणी उमटते. पडद्यावर पल्सारची ती वाकडी रेघ पहिल्यांदा ओळखू आली तेव्हाचा आनंद माझ्या मनात अजून तसाच आहे.

आता हायड्रोजनकडे येतो, कारण माझी काळजी तिथे आहे. हायड्रोजनचा अणू १४२० मेगाहर्ट्‌झवर बोलतो, आणि १४०० ते १४२७ ही पट्टी जगभर खगोलशास्त्रासाठी राखून ठेवलेली आहे. पण विश्व प्रसरण पावतं, आणि दूरच्या हायड्रोजनची फ्रिक्वेन्सी त्याबरोबर खाली घसरते. अर्नब चक्रवर्ती आणि निरुपम रॉय यांनी जीएमआरटीच्या डेटात एका आकाशगंगेचा असा संदेश शोधला. २०२३च्या जानेवारीत तो जाहीर झाला. ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला तो संदेश मधल्या एका आकाशगंगेच्या गुरुत्वाने सुमारे तीसपट उजळला होता, आणि पोहोचला तो ६२० मेगाहर्ट्‌झच्या आसपास. राखीव पट्टीच्या कितीतरी बाहेर.

२०२२च्या ५जी लिलावात ६०० मेगाहर्ट्‌झचा पट्टाही विक्रीला होता. त्या वेळी बोली आली नाही. त्यातला ६१२ ते ६५२ हा टॉवरकडून फोनकडे जाणारा भाग. खोडदच्या परिसरात तो कधी रात्रंदिवस वाजू लागला तर वर सांगितलेली गाळणी उपयोगाची राहणार नाही. ठिणगी थोडा वेळ असते आणि बराच वेळ नसते, म्हणून मध्यक तिला परकी ठरवतो. अखंड चालणारं प्रक्षेपण स्वतःच मध्यक होऊन बसतं. मग ते चॅनेल सरसकट सोडून द्यावे लागतील, आणि त्यांच्याबरोबर साधारण साडेआठशे ते नऊशे कोटी वर्षांमागचा हायड्रोजन इथून दिसेनासा होईल. स्पेक्ट्रमच्या किमती ठरवणाऱ्यांनी एकदा हे पट समोर ठेवून बसावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.