‘करून पहा’ची चौकट : विज्ञानाच्या तासाला आपल्या मुलांचे हात कुठे असतात?

बालभारतीच्या सामान्य विज्ञानाच्या पुस्तकात जागोजागी ‘करून पहा’ अशी चौकट असते. अमुक साहित्य घ्या, अमुक मिसळा, काय दिसते ते नोंदवा, असे त्यात सांगितलेले असते. आपल्या वस्तीतल्या सहावी-सातवीच्या मुलाला सहज विचारून पाहा, यातले किती प्रयोग तू स्वतःच्या हाताने केलेस? अनेकदा उत्तर मिळते की सरांनी चौकट वाचून दाखवली, निष्कर्षाखाली रेघ मारायला सांगितली आणि परीक्षेत तेच आले. म्हणजे करून पाहायची गोष्ट पाठ करायची झाली.

हा प्रश्न फक्त शिक्षकांचा नाही. बुद्ध-फुले-आंबेडकरी विचार सांगणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याचा आहे. आपण जयंतीच्या व्यासपीठावरून वैज्ञानिक दृष्टिकोनावर बोलतो, संविधानाच्या कलम ५१-क चा दाखला देतो. पण दृष्टिकोन भाषणाने येत नाही. तो सवयीने येतो, आणि ती सवय लागण्याची पहिली जागा विज्ञानाचा तास ही आहे.

दाखवणे, करणे आणि शोधणे

वर्गात प्रयोग तीन प्रकारे होतो. पहिल्या प्रकारात शिक्षक टेबलावर प्रयोग दाखवतात आणि मुले बघतात. काही न दाखवण्यापेक्षा हे बरे, पण मुलांसाठी ते जादूच्या खेळासारखे राहते. दुसऱ्या प्रकारात मुले पुस्तकातल्या कृतीप्रमाणे प्रयोग करतात. हात चालतात, पण काय होणार हे आधीच छापलेले असते. तसे झाले नाही तर मूल वहीत ‘बरोबर’ निरीक्षण उतरवून मोकळे होते. जे दिसले ते न लिहिता जे दिसायला हवे ते लिहायचे, ही सवय विज्ञानाच्या नावाखाली लागते.

तिसऱ्या प्रकारात सुरुवात प्रश्नापासून होते. मुले अंदाज बांधतात, तो तपासायची युक्ती काढतात, निरीक्षण नोंदवतात आणि अंदाज चुकला तर बदलतात. शिक्षक उत्तर सांगायची घाई करत नाहीत, पुढचा प्रश्न विचारतात. कृतीतून आणि चौकशीतून शिकणे म्हणतात ते हेच.

हळदीच्या डागापासून सुरुवात

सांगलीच्या हळदीला देशभर बाजार आहे, म्हणून उदाहरण हळदीचेच घेऊ. पांढऱ्या शर्टावर भाजीचा डाग पडला आणि त्याला साबण लावला की तो लालसर होतो, हे प्रत्येक घरात पाहिलेले असते. असे का होते, हा प्रश्न वर्गात टाका आणि गप्प बसा.

उत्तरे येतील. कोणी म्हणेल साबणाचा रंग लागतो. कोणी म्हणेल गरम पाण्यामुळे, कोणी म्हणेल घासल्यामुळे. आता यातले एकेक तपासायचे. पांढरा साबण लावून पाहा. डाग तरीही लाल झाला, म्हणजे साबणाच्या रंगाचा मुद्दा गेला. नुसत्या गरम पाण्यात धुऊन पाहा, साबण न लावता घासून पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळे तसेच ठेवायचे. प्रयोगशास्त्राचा पाया इथे घातला जातो, आणि तो घालायला कागदाच्या पट्ट्या व चिमूटभर हळद पुरते.

हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या पट्ट्यांवर मग धुण्याचा सोडा, चुन्याची निवळी, लिंबू, चिंच, दही, राखेचे पाणी, टूथपेस्ट असे काय काय लावून पाहता येते. लाल होणारे एका बाजूला, पिवळेच राहणारे दुसऱ्या बाजूला. लाल झालेल्या पट्टीवर लिंबू पिळले की ती पुन्हा पिवळी होते, तेव्हा मुलांचे चेहरे पाहण्यासारखे असतात. आम्ल, आम्लारी आणि उदासिनीकरण हे शब्द आता सांगावेत. वस्तू आधी हातात आली, नाव नंतर आले, म्हणून ते डोक्यात राहते.

याच मुलाला उद्या कोणी बाबा पिवळे पाणी मंत्राने ‘रक्तासारखे’ लाल करून दाखवू लागला, तर ते मूल घाबरणार नाही. ते विचारेल, दुसऱ्या भांड्यात चुना आहे का? साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांचे सहकारी गावोगाव चमत्कारांमागचे विज्ञान दाखवत फिरले. २१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणपतीच्या मूर्ती दूध पितात अशी हवा झाली, तेव्हाही पृष्ठताण आणि केशाकर्षण समजावून सांगावे लागले. हे धडे शाळेच्या पुस्तकात होतेच, पण ज्यांनी ते नुसते पाठ केले होते असे शिकलेले लोकही रांगेत उभे राहिले.

हात लावण्याचा प्रश्न

आपल्यासाठी या विषयाला आणखी एक बाजू आहे. नोव्हेंबर १९०० मध्ये बाबासाहेब साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये दाखल झाले. शाळेच्या दिवसांत ते बसायला स्वतःचे गोणपाट नेत, इतर मुलांपासून वेगळे बसत, आणि नळाला त्यांनी हात लावायचा नाही म्हणून शिपाई नसेल तर पाणीही मिळत नसे. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये गणित सोडवायला त्यांना फळ्याकडे बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले डबे बाटतील म्हणून मुलांनी ते धावत जाऊन बाजूला केले, हा प्रसंग चरित्रकारांनी नोंदवला आहे.

अस्पृश्यतेचा पहिला हुकूम ‘हात लावू नको’ हाच होता. ज्यांच्या हातांनी चामडे कमावले, जमीन नांगरली, गाव झाडले, त्यांच्या हातांना ज्ञानाच्या वस्तूंपासून दूर ठेवले गेले. आज उघडपणे कोणी तसे म्हणणार नाही. तरी प्रयोगाच्या वेळी काचेची नळी कोणाच्या हातात असते, नोंदी कोण लिहिते आणि शेवटी टेबल कोण पुसते, हे कधी तरी नीट पाहावे. ‘हुशार’ मुले प्रयोग करतात, मुली सुंदर अक्षरात लिहितात आणि मागच्या बाकावरची मुले माना उंच करून बघतात, असे होत असेल तर त्या वर्गात समता नाही. प्रत्येक हाताला साहित्य मिळाले पाहिजे, ही मागणी शैक्षणिक आहे तशीच सामाजिक आहे.

१९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांना शिकवणाऱ्यांत जॉन ड्युई होते. ड्युईंनी १८९६ मध्ये शिकागोला एक प्रयोगशील शाळा काढली होती. मुले सुतारकाम, विणकाम, स्वयंपाक करता करता विज्ञान आणि इतिहास शिकत. खरा विचार अडचणीपासून सुरू होतो, तयार उत्तरापासून नाही, आणि असा विचार करण्याची सवय हाच लोकशाहीचा आधार आहे, असे त्यांचे म्हणणे होते. बाबासाहेबांच्या लोकशाहीविषयक मांडणीत या गुरूचा ठसा अभ्यासकांना दिसतो.

धम्माच्या अंगाने पाहिले तर केसपुत्त गावच्या कालामांना बुद्धांनी दिलेला उपदेश आपल्याला माहीत आहे. परंपरा आहे, ग्रंथात आहे, गुरू म्हणतात, एवढ्यावरून मान्य करू नका, हे त्याचे सार. इथे आपल्या लोकांनाही एक गोष्ट सांगायला हवी. तो उपदेश मुख्यतः काय केल्याने हित होते आणि काय केल्याने अहित होते, हे पारखण्याविषयी आहे. ‘आधुनिक विज्ञानातले सगळे बुद्धांनी आधीच सांगितले’ असे संदेश पुढे पाठवणे हे त्या उपदेशाचे पालन नाही. ‘एहिपस्सिको’ म्हणजे या आणि पाहा. पाहिल्याशिवाय डोलवलेली मान तिथे चालत नाही.

हे प्रत्यक्षात झालेले आहे

१९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १६ माध्यमिक शाळांमधून एक विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि फ्रेंड्स रुरल सेंटर या संस्थांनी तो उभा केला, १९८२ पासून एकलव्य संस्थेने पुढे नेला. खेड्यातली सरकारी शाळेतली मुले टोळ्या करून प्रयोग करत. परीक्षेत पुस्तक उघडून पाहायची मुभा होती आणि प्रयोगाचीही परीक्षा होती, कारण तपासायचे होते ते समज, पाठांतर नव्हे. शेकडो शाळांत पोहोचलेला हा कार्यक्रम २००२ मध्ये सरकारने बंद केला. चांगले काम समाजाने उचलून धरले नाही तर एका आदेशाने संपते, हा त्यातला धडा. याच कार्यक्रमातून पुढे आलेले अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, रिकाम्या बाटल्या यांतून विज्ञानाची खेळणी केली आणि पुण्याच्या आयुकात मुलांसाठी वर्षानुवर्षे काम केले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

महाराष्ट्रात १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन झाले. प्रा. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात मुंबई महापालिकेच्या शाळांतल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांबरोबर काम केले. ही मुले मागे का पडतात, याचे उत्तर त्यांनी मुलांच्या बुद्धीत शोधले नाही, शिकवण्याच्या पद्धतीत आणि पुस्तकाच्या भाषेत शोधले. पुस्तकातली मराठी सोपी केली, मुलांना बोलते केले, प्रयोग करू दिले, तेव्हा त्यांची कामगिरी सुधारली. आपली मुले विज्ञानात ‘कच्ची’ असतात असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

कुपवाडच्या आसपासची प्रयोगशाळा

साहित्य नाही, ही तक्रार कुपवाडमध्ये तरी टिकत नाही. एमआयडीसीत काम करणारे टर्नर, फिटर, वेल्डर आपल्याच घरात आहेत. व्हर्नियर कॅलिपर पुस्तकातल्या चित्रात पाहण्यापेक्षा एखाद्या कामगार पालकाला वर्गात बोलवावे. तो रोज वापरतो ते माप मुलांच्या हातात द्यावे. बापाचे काम हे ज्ञान आहे, हे मुलाला त्या दिवशी कळते.

शेजारी मिरजेत तंतुवाद्ये बनतात. पत्र्याच्या डब्यावर रबर ताणून मुले तपासू शकतात की तार आखूड केली, ताणली किंवा जाड घेतली तर आवाज कसा बदलतो, आणि मग तंबोऱ्याला भोपळा कशासाठी असतो. जिल्ह्यातले बेदाणे साध्या पाण्यात टाकले तर फुगतात, घट्ट साखरपाकात तसे फुगत नाहीत. दर तासाला वजन करून आलेख काढला की परासरण समजते.

आणि कृष्णा तर आहेच. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर इथल्या घराघरांनी सोसले. आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी पावसाळ्यात रोज फुटांत जाहीर होते. पातळी, कोयनेतला विसर्ग आणि पाऊस यांचा एक महिन्याचा तक्ता मुलांनी करावा. धरणातून सोडलेल्या पाण्याचा परिणाम सांगलीत किती वेळाने दिसतो, हे त्यांनी स्वतः शोधावे. हे विज्ञान उद्या घर वाचवू शकते.

अडचणी खऱ्या आहेत

पट मोठा, तास छोटा, शिक्षकांवर शाळाबाह्य कामांचा भार, या अडचणी खऱ्या आहेत. म्हणून प्रत्येक धड्यात नाही, तरी महिन्यातून दोन तास चौकशीचे ठेवता येतात. चार-पाच मुलांचे गट करून कामे दर वेळी बदलायची. ‘परीक्षेत याचा काय उपयोग’ असे पालक विचारतात. दहावीला विज्ञानात प्रात्यक्षिकाला २० गुण आहेतच. शिवाय समजून घेतलेले मूल प्रश्न फिरवून आला तरी अडत नाही.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

पहिले, शाळेत जावे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २९ मध्ये कृती, शोध आणि अन्वेषण यांतून शिकवणे नमूद आहे. कलम २१ प्रमाणे अनुदानित व सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. समितीत आपले पालक, विशेषतः माता, आहेत का? बैठकीत त्यांनी एवढेच विचारावे की या महिन्यात मुलांनी कोणता प्रयोग स्वतः केला. शिक्षकांशी भांडण नको, मदतीचा हात पुढे करावा.

दुसरे, विहारात रविवारी दोन तास विज्ञान ठेवावे. वंदना झाल्यावर एक प्रश्न, चार गट, घरातले साहित्य. अभियांत्रिकी किंवा विज्ञान शाखेचे आपले विद्यार्थी आळीपाळीने येतील. नियम तीन असावेत : प्रत्येक मुलाने आणि मुलीने साहित्य हाताळायचे, दिसले तेच लिहायचे, आणि उत्तर सांगायची घाई मोठ्यांनी करायची नाही. आग, तीव्र आम्ले आणि घरातली वीज यांचे प्रयोग मुलांकडून करून घेऊ नयेत. चुना हाताळताना डोळे सांभाळावेत.

तिसरे, जयंतीच्या वर्गणीतला छोटा हिस्सा यासाठी काढावा. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात भिंगे, चुंबके, तापमापके, वजनकाटा आणि मापनपात्रे घेऊन एक पेटी तयार होते. ती वर्षानुवर्षे वस्तीत फिरत राहील. २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन, ११ एप्रिलची फुले जयंती, १४ एप्रिलची भीमजयंती आणि ७ नोव्हेंबरचा विद्यार्थी दिवस हे मुलांनी आपले प्रयोग वस्तीला समजावून सांगण्याचे दिवस व्हावेत.

‘शिका’ हा शब्द आपण फार घोषणांत वापरला. आता तो मुलांच्या हातात द्यायचा आहे. येत्या रविवारी हळद आणि कागदाच्या पट्ट्या घेऊन विहारात बसा, आणि पहिला प्रश्न मुलांना विचारू द्या.

जय भीम! नमो बुद्धाय!