प्रवाळाचं बिऱ्हाड हलवताना

चाळ पाडायची तारीख लागली की लालबाग-गिरगावात बांधाबांध सुरू होते. कपाटं टेम्पोत चढतात, देव मांडीवर बसून जातात. अडतो तो मासे आणि प्रवाळ पाळलेला खाऱ्या पाण्याचा टँक. नव्या घरात नवा, मोठा टँक तयार असतो. जुन्यातला संसार त्यात कसा न्यायचा, यावर जिन्यात भेटणारा प्रत्येक जण सल्ला देतो. त्यातले काही सल्ले फार महागात पडतात.

गैरसमज : जुनं पाणी नेलं की टँक आला.
वस्तुस्थिती : टँक चालवणारे जीवाणू पाण्यात फार थोडे असतात. त्यांचं खरं घर दगडाच्या छिद्रांत, फिल्टरच्या स्पंजवर आणि वाळूच्या कणांवर. माशांच्या विष्ठेतला अमोनिया ते नायट्राइटमध्ये, मग नायट्रेटमध्ये बदलतात. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१ च्या आसपास असतो, त्यामुळे त्यात अमोनिया अधिक घातक ठरतो. म्हणून जपायचे ते दगड : बादलीत खाऱ्या पाण्यात बुडवून, बॅटरीवरचा एअर पंप लावून. ते वाळले तर जीवाणूंची घडी पुन्हा बसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. जुनं पाणी थोडं न्यावं, पण ते माशांना बदल एकदम जाणवू नये म्हणून.

गैरसमज : मग जुनी वाळूही तशीच ओतावी.
वस्तुस्थिती : काचेच्या तळाशी वाळूचा काळा पट्टा दिसतो ना? तो ढवळला की सडक्या अंड्यांचा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइड. वर्षानुवर्षं साचलेला गाळही त्याबरोबर वर येतो. वाळू खाऱ्या पाण्यात धुवून घ्यावी किंवा नवी घालावी.

गैरसमज : चौपाटी पाच मिनिटांवर, कॅन भरून आणावेत.
वस्तुस्थिती : किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाणी आणि गाळ असतो, पावसाळ्यात क्षारताही उतरते. आरओच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम सागरी मीठ घालून, पंप चालू ठेवून पाणी आदल्या दिवशीच तयार करावं. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. प्रवाळाला लागणारं कॅल्शियम, मॅग्नेशियम त्यात पुरेसं नसतं.

गैरसमज : नवे दिवे पहिल्या दिवसापासून पूर्ण लावावेत.
वस्तुस्थिती : प्रवाळ हा प्राणी. त्याच्या शरीरात राहणारं सूक्ष्म शैवाल त्याला अन्न पुरवतं. उजेड किंवा उष्णता एकदम वाढली की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. दिवे मंद ठेवून दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावेत.

गैरसमज : टॉवरचा स्लॅब आहे, टँक कुठेही ठेवा.
वस्तुस्थिती : ४ बाय २ बाय २ फुटांच्या टँकमध्ये साडेचारशे लिटर पाणी मावतं. काच, दगड, स्टँड धरून वजन सहाशे किलोच्या घरात जातं. जागा तुळईजवळ, भिंतीलगत निवडावी आणि आधी इमारतीच्या इंजिनिअरला विचारावं.

गैरसमज : प्रवाळ म्हणजे दगडच, त्याला कसला कायदा?
वस्तुस्थिती : खडक बांधणारे सर्व कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. समुद्रातून ते काढणं आणि विकणं गुन्हा आहे. आपल्या दारचा समुद्रही त्याला अपवाद नाही. वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळ आहेत. २०२० मध्ये कोस्टल रोडच्या भरावात येणारे प्रवाळ हलवायला महापालिकेलाही वनविभागाची परवानगी घ्यावी लागली. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मदतीने ते दुसरीकडे नेण्यात आले.

गैरसमज : एका दुपारचं काम आहे.
वस्तुस्थिती : दगड आणि प्रवाळ दुपारीच जातील, पण त्यानंतर रोज अमोनिया तपासावा लागतो आणि मासे टप्प्याटप्प्याने सोडावे लागतात. टेम्पोची तारीख गणपतीच्या दिवसांत घेऊ नका. लालबागच्या गर्दीत अडकलेल्या बादल्यांमधलं पाणी तासाभरात तापतं. पहिल्या रात्री दिवा न लावता, लांबूनच बघा. मिटलेले प्रवाळ हळूहळू उमलू लागले, तर बिऱ्हाड लागलं म्हणायचं.